काळा पडदा

सुलक्षाला दिसत नाही. त्यामुळे वाळपईच्या दत्तप्रसादचे मेसेज भावाच्या फोनवर यायचे आणि वहिनी ते वाचून दाखवायची. आधी मनातल्या मनात वाचायची, खुदकन हसायची, मग म्हणायची, “खास काय नाय गो. जेवलीस काय म्हणून विचारता.”

पहिला पगार झाला तशी सुलक्षा वहिनीला घेऊन डिचोलीच्या बाजारात बोलणारा फोन घ्यायला आली.

“हो घे बाय. ह्याचो आवाज अख्ख्या बाजाराक ऐकू जाता,” दुकानदार म्हणाला.

“माझ्या कानापुरतो पुरो. आणि पडदो काळो ठेवूक येता?”

“काळ्या पडद्यार तुका काय दिसतला?” दुकानदार बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

“माका खंय दिसता? दुसऱ्यांका दिसता.”

दुकानातूनच तिने दत्तप्रसादला नवा नंबर कळवला. परतीच्या बसमध्ये फोन थरथरला. इयरफोन कानात घालून सुलक्षाने मेसेज ऐकला, पुन्हा एकदा ऐकला आणि खुदकन हसली.

वहिनीने सवयीने मान पुढे केली. पडदा काळाकुट्ट.

“काय लिवल्यान गो?”

“खास काय नाय वहिनी. जेवलीस काय म्हणून विचारता.”