छोटं प्रेत हसतं तेव्हा

"विश्वास बसणार नाही तुमचा, पण या शहरात मेल्यावर दिवसभर उड्या मारून संध्याकाळी घरी जेवायला गेलेला माणूस मी एकटाच आहे."

मोक वाय-केईनं माईक खाली ठेवला आणि सभागृह हसलं.

वाक्य त्याचं ठरलेलं होतं. मिनीबस चालवताना सिग्नल लागला की मागच्या प्रवाशांना तो ते ऐकवायचा. चाळीस वर्षांपूर्वी कौलूनमधल्या त्याच्याच वसाहतीच्या आवारात एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. उड्या मारणाऱ्या प्रेतांचा, घाबरवता घाबरवता हसवणारा सिनेमा. त्यातलं सगळ्यात छोटं प्रेत आपण होतो, ही त्याची गोष्ट. प्रेताला जागीच थोपवणाऱ्या, कपाळावरच्या पिवळ्या मंत्राच्या चिठ्ठीचा डिंक तीन दिवस निघाला नव्हता, हे तो असं रंगवायचा की ऐकणाऱ्याचा हात आपोआप कपाळाकडे जाई.

आज तोच सिनेमा, डागडुजी करून, वसाहतीच्या सभागृहात दाखवायचा होता. वाय-केईची मुलगी मान-हेई तिथेच नोकरीला. जाहिरातीत वडलांचं नाव तिनंच घातलं होतं: 'छोटं प्रेत स्वतः भेटीला.' त्यानं आठवडाभर नको नको केलं. आधी पाठ दुखत होती, मग मिनीबसची पाळी बदलून मिळत नव्हती. मुलीनं दोन्ही कारणं उडवून लावली.

तिचंही बरोबर होतं. ती पाच वर्षांची असताना आई सोडून गेली. शाळेत कुणाचे वडील इंजिनिअर, कुणाचे बँकेत. हिनं छाती पुढे काढून सांगितलं होतं, माझे बाबा प्रेत आहेत. त्या एका वाक्यावर तिनं सगळी शाळा काढली.

दिवे गेले. दोघं पुढच्या रांगेत बसली.

चाळीस वर्षांत वाय-केईनं तो सिनेमा एकदाही पाहिला नव्हता. नव्या वर्षाच्या सुट्टीत टीव्हीवर लागला की तो सिगारेट ओढायला खाली जायचा. घाबरतात, म्हणून मान-हेई त्याला चिडवायची.

आता त्यात घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं. प्रेतांना ओढणारी तार दिसत होती. झग्याखालून रबरी बूट डोकावत होते. श्वास रोखला की प्रेताला माणूस सापडत नाही, म्हणून पडद्यावरची माणसं गाल फुगवून उभी राहिली, तशी लोकांनी हसत हसत आपलेही गाल फुगवले.

मग तो प्रसंग आला. मांत्रिकाचा चेला शिंकतो, छोट्या प्रेताच्या कपाळावरची चिठ्ठी उडते, आणि पिठासारखा पांढरा चेहरा फिस्सकन हसतो. दोन लांब सुळे, आणि मधोमध पडलेल्या दाताची मोठी खिडकी.

सभागृह हसून लोटपोट झालं. मान-हेईनं कोपरानं ढोसलं. "बाबा, काय गोड दिसायचात तुम्ही!"

वाय-केई मांडीकडे बघत होता.

"अजून भीती वाटते?"

"लाज वाटते," तो म्हणाला.

तिला वाटलं, त्या झग्याची आणि त्या उड्यांची. तिनं त्याचा हात हातात घेतला आणि सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही.

दिवे लागल्यावर लोकांनी त्याला पुन्हा वर बोलावलं. कुणी विचारलं, प्रेतांना पळवायला फेकलेला भात खरंच चिकट होता का. कुणी विचारलं, सुळे कशाचे होते. त्याला सगळं येत होतं. भात खरा होता, सुळे मेणाचे होते. खालून मान-हेई फोनवर त्याचं बोलणं टिपत होती आणि खूण करत होती, दाखवा ना, ते दाखवा.

त्यानं खिशातून एक लाल पाकीट काढलं. पडद्यावर मेलेल्याचं सोंग घेणाऱ्याला अपशकुन उतरावा म्हणून देतात ते. रंग उडून विटेसारखा झालेला, तोंड अजून चिकटवलेलं. दिग्दर्शकानं स्वतःच्या हातानं दिलं होतं, असं सांगून त्यानं ते माईकजवळ हलवलं. आत दोन वस्तू एकमेकींवर आपटल्या.

"नाणी," तो म्हणाला. टाळ्या पडल्या.

तिसऱ्या रांगेत मांडीवर भाजीची पिशवी घेऊन बसलेल्या एका बाईनं हात वर केला. पन्नाशीच्या आतबाहेरची असावी.

"ते पाकीट त्याच दिवशी खर्चायचं असतं," ती म्हणाली. "घरी नेलं तर अपशकुन घरी येतो. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

म्हाताऱ्या मंडळींनी माना हलवल्या.

"लहान होतो. जपून ठेवावंसं वाटलं."

"आणि उघडलंही नाहीत?"

"कधीच नाही." हे तो इतक्या हळू बोलला की मान-हेईनं फोन थोडा पुढे धरला.

बाईनं पिशवी शेजारणीच्या मांडीवर ठेवली आणि उभी राहिली. वाय-केईनं नकळत श्वास रोखला.

"मग आता उघड," ती म्हणाली. "एक नाणं असेल, आणि माझा पडलेला दात."