मोकळ्या जागेतला वळसा

नव्या घरापुढे गाडीचा रस्ता सरळ आखून झाला होता. दारापर्यंतची पायवाट मात्र शालनने स्वतःकडे घेतली. मुठीतून पांढरी फक्की सोडत, डोळे मिटून ती फाटकापासून निघाली. कोवळ्या उन्हात झोपेत चालल्यासारखी ती चालत होती आणि मागे रेघ उमटत होती. मध्येच ती डावीकडे वळली, खाली वाकली, मग पुन्हा सरळ दाराकडे गेली.

गवंडी हसला. "काकू, मोकळ्या जागेत वळसा कशाला?"

तिने डोळे उघडले. समोर नुसता मुरूम. "अगंबाई! जुन्या अंगणातच होते मी," ती ओशाळून नवऱ्याला म्हणाली. "पुसा हो ते."

विश्रामला पेरूचं झाड आठवलं. घरासकट तेही महामार्गात गेलं होतं. त्याची आडवी फांदी कपाळावर आपटली की विश्राम ओरडायचा, "उद्या तोडतोच हिला!" त्याचा तो उद्या कधी उजाडलाच नाही.

त्याने फक्कीचं घमेलं उचललं आणि तीच रेघ ठळक करत निघाला. वळणापाशी आला, तसा कपाळ सांभाळत खाली वाकला.