झोपेच्या तासातली चाचणी

मुलाच्या खालच्या ओठावर, डाव्या कडेला, एक बारीक चीर होती. तो बोलला की ती उघडे, ओठ मिटले की नाहीशी होई. याओबाईंनी खोलीत आल्याआल्या ती हेरली होती.

"मास्क काढता का, फांग लाओशी?" त्या वर्गशिक्षिकेला म्हणाल्या. तिथे शिक्षकांना लाओशीच म्हणत. "समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे."

"विसरलेच बघा." फांगबाईंनी मास्क हनुवटीखाली ओढला आणि पेरूच्या फोडींची बशी पुढे सरकवली. फोडींवर आलुबुखाराची पूड होती. "पण खरं सांगू का, लाओशी? तोंड दिसो न दिसो, हा पठ्ठ्या यंत्र लावत नाही. मी मात्र रोज माईक गळ्यात अडकवून फिरते, म्हशीच्या घंटेसारखा. आणि याचं कानातलं कुठे? दप्तरात!"

यान-थिंग पायांकडे बघत राहिला. तो आठवीत होता. त्याला लहानपणापासून कमी ऐकू येई. शिक्षिकेच्या माईकमधला आवाज थेट कानात पोचवणारं ते यंत्र जिल्ह्याच्या साधन केंद्राने त्याला दिलं होतं. वापरात नसेल तर परत घ्यायचं, असा केंद्राचा नियम होता. यंत्राची वाट बघणारी इतरही मुलं होती. याओबाई केंद्राकडून आल्या होत्या. यंत्र राहणार की जाणार, ते त्यांच्या शेऱ्यावर ठरायचं होतं.

त्यांनी स्वतःची खुर्ची खिडकीकडे पाठ येईल अशी फिरवली. उजेड मुलाच्या चेहऱ्यावर पडला. मग पिशवीतून शब्दांचं पान आणि एक जाड पुठ्ठा काढला. तळाशी एक करडी डबी हाताला लागली, ती त्यांनी पुन्हा खाली सारली. तिचं आज काम नव्हतं.

टेबलावर त्यांचा फोन थरथरत कडेला सरकला.

"उचला ना," फांगबाई म्हणाल्या.

"नवऱ्याचा आहे. लिहून पाठवेल."

त्याने पाठवलंच. 'ठरलं का?' गेले कित्येक महिने तो हेच विचारत होता. बाईंनी फोन पालथा ठेवला.

"का लावत नाहीस?" त्यांनी मुलाला विचारलं.

"गरज नाही. मला कळतं सगळ्यांचं."

"तोंडाकडे बघून?"

"हो."

"आणि लाओशी फळ्याकडे वळल्या की?"

मुलाने दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळला.

"मागून कुणी विनोद केला की तू सगळे हसल्यावर हसतोस. शेवटच्या तासाला डोक्याचा दगड होतो. घरी कुणी काही विचारलं की तू आपलं 'हो' म्हणून टाकतोस. नंतर कळतं, भलत्यालाच हो म्हटलं."

यान-थिंगने मान वर केली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"इतकी वर्षं हेच काम करतेय मी."

"काम करताय. लावून तर फिरत नाही ना! वर्गात मला आकाशवाणी म्हणतात. एक दिवस तुम्ही लावून दाखवा, मग शिकवा मला."

"यान-थिंग! तोंड आवर," फांगबाई कडाडल्या.

"असू दे," याओबाई म्हणाल्या. त्यांनी पेरूची फोड उचलली आणि न खाताच परत ठेवली.

समोरच्या वर्गातल्या माना एकेक करून बाकांवर टेकल्या. अख्ख्या तैवानात शाळा जेवणानंतर झोपतात, तशी हीही झोपली. चाचणीला शांतता लागते, म्हणून केंद्राची माणसं नेमका हाच तास मागून घेतात. दंडाला फीत बांधलेली दोन मुलं व्हरांड्यातून गस्त घालू लागली. आवाज करील त्याच्या वर्गाचे गुण कापणं, हे त्यांचं काम. फांगबाई वह्यांचा गठ्ठा घेऊन कपाटाआड जाऊन बसल्या.

"मी म्हणेन तो शब्द तू परत म्हणायचास," याओबाईंनी सांगितलं. "आधी यंत्राशिवाय."

त्यांनी पुठ्ठा नाकापर्यंत धरला आणि वरून मुलाकडे पाहिलं. "छत्री."

मुलाने उत्तर दिलं. छत्री. बाईंनी बरोबरची खूण केली.

पुढच्या शब्दांना त्याची धांदल उडाली. कधी भलतंच उत्तर आलं, कधी नुसती मान हलली. फुल्या वाढत गेल्या.

मग त्यांनी त्याला यंत्र लावायला सांगितलं आणि माईक स्वतःच्या गळ्यात अडकवला. "मीठ." बरोबर. "आजी." बरोबर. त्या उठून दारापर्यंत गेल्या, तिथे वळून, पुठ्ठा धरून त्यांनी आवाज कुजबुजीवर आणला. "वादळ." "चप्पल." बरोबर, बरोबर. चीर उघडत होती, मिटत होती. मुलाचे डोळे मोठे होत गेले. दारातली कुजबुज त्याला आजवर कधी कळली नव्हती.

याओबाई जागेवर येऊन बसल्या. कागदाचा खालचा अर्धा भाग बरोबरच्या खुणांनी भरला होता. यंत्र राहणार, यात आता शंका नव्हती. वाद घालायला कुणाला जागाच उरली नव्हती.

"फांग लाओशी, झालं आमचं."

फांगबाई कपाटाआडून बाहेर आल्या. सवयीने मास्क पुन्हा नाकावर चढला होता. त्या काहीतरी बोलल्या.

याओबाईंनी हनुवटीकडे बोट दाखवलं. "मास्क."

"म्हटलं, झालं म्हणजे काय?" फांगबाईंनी मास्क खाली ओढला. "मी मघापासून कान देऊन बसलेय. तुम्ही एकट्याच शब्द वाचत होता. हा तर एकदाही बोलला नाही!"



"झोपेचा तास ना," यान-थिंग व्हरांड्याकडे बघत पुटपुटला. "आवाज झाला तर वर्गाचे गुण जातात. म्हणून मी नुसते ओठ हलवले."

मग त्याने टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. खुणांवरून नजर सावकाश वर आणत तो याओबाईंच्या चेहऱ्याशी थांबला.

बाईंनी पिशवीत हात घातला, तळाची करडी डबी वर काढली आणि उघडून टेबलाच्या मधोमध ठेवली. आत कानात लावायच्या यंत्रांची न वापरलेली जोडी होती.

"उद्यापासून," त्या मुलाला म्हणाल्या, "आपण दोघंही लावू."