राघोला निवडलं कोणी?

"राघो? त्या बेवड्याला मॅनेजर करायचं?" सावळाराम खुर्चीतून उठलाच. "अवो शेठ, त्याला एका गोलपोस्टाचे दोन दिसतात!"

"बस, बस. चाय घे पहिला," मोहिउद्दीन शेठ म्हणाले.

चहात साखर नव्हती, रेशनला आलीच नव्हती म्हणे. आणि कपाच्या काठाला कुणाच्या तरी पानाचा लाल डाग. शी! सावळारामने कप तसाच सरकवला.

शेठच्या यंत्रमाग कारखान्यातल्या काचेच्या केबिनमध्ये फुटबॉल क्लबच्या कमिटीची मीटिंग भरली होती. कमिटी कसली, तिघंच जण. शेठ अध्यक्ष. दापोड्याचे दाजी, ज्यांच्या जमिनीवर क्लबचं मैदान होतं ते. आणि सेक्रेटरी सावळाराम, कोन गावचा, एके काळचा गोलकीपर. मीटिंग कायम इथेच व्हायची, कारण बाहेर लूम चालू असले की आतलं एक अक्षर बाहेर जात नसे.

क्लबचं पार वाटोळं झालं होतं. हरण्याला कंटाळून जुना मॅनेजर मागच्या मॅचला हाफ टाइमलाच घरी निघून गेला होता. उद्या शुक्रवार, लूम बंद, आणि कल्याणवाल्यांशी शेवटची मॅच. ती हरली की क्लब खालच्या गटात. दाजींच्या बापाने मैदान देताना सगळ्या गावादेखत एवढंच सांगितलं होतं, क्लब वरच्या गटात आहे तोवर ह्या जमिनीला आमचा हात लागणार नाही. म्हणजे उद्या हरले की दाजी मोकळे. मैदानावर गोदाम, आणि गोदामात पहिला माल शेठचा. हे दोघं मॅनेजर निवडायला बसले होते!

"अय्यूबला करा," सावळाराम म्हणाला. "पोरं त्याच्यावर जीव टाकतात. समदी त्याच्याच हाताखाली लूम शिकलीत."

अय्यूब ह्याच कारखान्यात जॉबर होता, बिघडलेले लूम दुरुस्त करायचा.

"पोरं म्हनं!" दाजींनी पिकदाणी पुढे ओढली. "मैदानात एक तरी ओरडतो का रं? नुसती थोबाडं हलवतात. गुरं रवंथ करतात तशी."

ते मात्र खरं होतं. जुना मॅनेजर त्यापायीच डोकं धरून बसायचा. सेंटर-हाफचा लडकू आवाज न करता ओठ हलवायचा आणि पार पलीकडचा गडी पळत सुटायचा. ही काय खोड आहे, ते सावळारामला कधी कळलं नव्हतं.

दाजी थुंकले. अर्धं पिकदाणीत, अर्धं धोतरावर. ते त्यांनी बोटाने निपटलं आणि बोट खुर्चीला पुसलं. सावळारामने आपली खुर्ची मागे सरकवली. कुठे येऊन बसलो आपण, देवा!

तेवढ्यात राघोच आला. हातभट्टीचा भपकारा त्याच्याआधी आत शिरला. तो दारातच पायाची खरूज खाजवत उभा राहिला.

"मॅच कवा हाय?"

"उद्या."

"उद्या? उद्या तर आमच्या आळीत हळद हाय." त्याने ढेकर दिली. "तिथून येतो मंग. येल झाला तर सुरू करा."

शेठनी त्याला बाहेर काढलं आणि वर म्हणाले, "माणूस चांगला आहे."

"चांगला? जनाची न्हाय तर मनाची तरी ठेवा शेठ!"

"हे बघ," शेठ शांतपणे म्हणाले, "पोरं राघोच्या हाताखाली मैदानात उतरली पाहिजेत. न उतरली तर लोक म्हणतील, दाजींनी बापाचा शब्द मोडला. तू बोललास तर उतरतील. तुझ्या शब्दाबाहेर नाहीत ती."

सावळारामने सरकवलेला कप पुन्हा जवळ ओढला.

"तुझा पोरगा काशिनाथ काय करतो रं आता?" दाजींनी विचारलं.

"मॅट्रिक होऊन घरीच हाय अजून."

"अरारा," म्हणत दाजींनी पुन्हा खाकरा काढला.

सावळारामला तिकडे बघवेना. तोंड फिरवून तो काचेपाशी जाऊन उभा राहिला. काचेपलीकडचा पहिलाच लूम लडकूचा. धोटा इकडून तिकडे पळत होता आणि लडकूची नजर वर काचेकडे होती. बाहेर बघत बघतच सावळाराम बोलला, काय बोलायचं ते बोलून टाकलं, आणि मग वळला.

"तो ऐकतोय की काय?" दाजी दचकले.

शेठ हसले. "इथे तोफ डागा, तरी बाहेर ऐकू नाही जाणार."

राघो मॅनेजर झाला.

शिफ्ट सुटल्यावर पोरं मैदानाच्या कडेला बसली होती, मधे अय्यूब. सावळाराम तरातरा आला आणि पचकन थुंकला.

"हलकट साले! लय भांडलो रं मी. अय्यूब, तुझं नाव शेवटपर्यंत सोडलं न्हाय. पन दोघांपुढं एकट्याचं काय चालतंय? किळस आली मला त्यांची, किळस! पन आता झालं ते झालं. राघो तर राघो. क्लबासाठी उद्या उतरा, बाबांनो."

लडकूने अय्यूबकडे बघून नुसते ओठ हलवले.

"झालं ह्यांचं सुरू!" सावळाराम खेकसला. "अरे, मान्सावानी आवाज काढून बोला की!"

"लूमपुढे आवाज काढून काय उपयोग, दादा?" अय्यूब म्हणाला. "तिथे कान कामाचे नाहीत. आम्ही सगळे ओठ बघूनच समजतो."

"बरं, मंग काय म्हनतो हा?"

"हा नाही म्हणत. दुपारी काचेपाशी तुम्ही म्हणालात, ते सांगतोय." अय्यूबने त्याच्याकडे बघितलंही नाही. "'माझ्या काशिनाथला गोदामात चिकटवा, दाजी. मंग राघो करा न्हायतर गाढव करा, पोरांना मी गुंडाळतो.'"