दुपारचा पहारा

"तुमचं दोघांचं काय बिनसलंय काय?" जेवून हात धुता धुता जिनेशनं आईला विचारलं.

चंदनाबाईंना कळेना, पोरगा कशाबद्दल बोलतोय. अण्णाप्पा दिवाणावर कलंडायच्या बेतात होते, ते तसेच कोपरावर थांबले.

"आदिती म्हणत्याय, तुम्ही एकावेळी झोपतच न्हाईसा. पप्पा आडवे झाले की तू दारातल्या खुर्चीत. तू आडवी झालीस की पप्पा खुर्चीत. महिना झाला बघतोय आम्ही. भांडलायसा तर सांगा की."

चंदनाबाईंना हसू आवरेना. शिडाच्या होडीवर परदेशातल्या पाण्यात अकरा वर्षं काढलेली माणसं ती. होडी चालती असली की एकानं झोपायचं आणि एकानं जागं राहून समोर बघायचं; मोठं जहाज अंगावर येतंय काय, वारा फिरतोय काय. अंगात मुरलेलं ते. पुतण्याच्या लग्नाला म्हणून होडी मलेशियातल्या लंकावी बेटावर टेकू लावून जमिनीवर चढवली, दोघं कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या घरी आली, तरी पहारा काही सुटला नाही. इथं दारातून दिसून दिसून काय दिसणार, तर समोरच्यांची स्कूटर आणि भाजीचा गाडा. पण बघणारा आपला बघत बसायचा.

"पहारा हाय रे तो," अण्णाप्पा म्हणाले. "सव्वा तास ती, सव्वा तास मी. बरोबरीनं."

"बरोबरीनं कुठलं, पप्पा?" सून आदिती ताटं उचलता उचलता सहज बोलून गेली. "तुम्ही चांगले दीड तास झोपता की. मम्मी तासभरच."

बोलून ती स्वयंपाकघरात गेली. अण्णाप्पांनी एकाहत्तरी गाठली होती, पण आपण अजून बरोबरीनं उभं राहतो हाच त्यांचा मोठा तोरा.

"कधीपासनं?" त्यांनी बायकोला विचारलं.

आता खोटं बोलायची सोय नव्हती. "फुकेतचं बंदर सोडल्यापासनं. दोन वर्षं झाली. तुमचा गजर पाव तास पुढं सारत होते मी."

"म्हणजे राखण करायला लागत्याय माझी." अण्णाप्पा उठून बसले. "मग काय अर्थ हाय? जिनेश, त्या दलालाला सांगून टाक. विक म्हणावं होडी."

जिनेशला तेवढंच पाहिजे होतं. गिऱ्हाईक त्यानंच शोधलं होतं, आणि लंकावीचा दलाल आज तीनला फोन करून शेवटचं विचारणार होता.  चंदनाबाईंना होडीवर परत जायचं होतं. खरं सांगायचं तर त्या तेहेतीस फुटांत जेवढं मोकळं वाटायचं, तेवढं ह्या तीन मजल्यांत त्यांना वाटत नव्हतं.

"आणि नांगर?" त्या म्हणाल्या.

"नांगराचं काय?"

"माझा खांदा धरल्यापासनं नांगर कोण ओढतंय? 'तुला साखळी नीट घेता येत न्हाई, सर बाजूला,' म्हणून मला हाकलत होतासा. मला काय कळत न्हाई काय?"

अण्णाप्पांचे कान लाल झाले. "तुझा हात दुखतोय म्हणून मी आपलं..."

"मग? तुम्ही माझी राखण केलेली चालत्याय. मी तुमची केली की लगेच होडी विकायची."

"अगं, मी तरी दुसरं काय म्हणतोय?" जिनेश मधे पडला. "दोघांचा मिळून एक धड माणूस हाय तिथं."

"पहाऱ्याला एकच लागतो रे," चंदनाबाई म्हणाल्या.

 अण्णाप्पा परत आडवे होत म्हणाले, "झोपून उठल्यावर सांगतो." आईचा पडलेला चेहरा बघून जिनेश जरा विरघळला. "आज दोघंही झोपा. मी बसतो खुर्चीत. फोन आला की उठवतो."

"समोर बघायचं हं. मोबाइलात न्हाई."

"बघतो गं."

चंदनाबाई पलीकडच्या खाटेवर पडल्या. दोघं एकावेळी झोपायची ही महिन्याभरातली पहिलीच दुपार.

फोन वाजला तेव्हा त्यांचेच डोळे आधी उघडले. घड्याळात तीन. खुर्चीत जिनेश मान टाकून घोरत होता. बेचाळीस वर्षांचा धडधाकट गडी, तोंड उघडं, फोन मांडीवर थरथरतोय. दारातून शेजारच्यांचं मांजर त्याच्या पायावरून आत आलं होतं आणि टेबलावर चढून निवांत दूध पीत होतं.

चंदनाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. तेही जागे झाले होते. त्यांनी पोराकडं बघितलं, मांजराकडं बघितलं, आणि बायकोकडं बघून नाही अशी मान हलवली.

चंदनाबाईंनी चटकन फोन उचलला. बंदराबंदरांवर कमावलेल्या इंग्रजीत, हळू आवाजात त्यांनी दलालाला सांगितलं: होडी द्यायची नाही. आम्ही पुढच्या महिन्यात येतोय. यार्डवाल्यांना तिच्या बुडाला रंग मारून ठेवायला सांगा.

"ह्याला उठवू काय?" अण्णाप्पा पुटपुटले.

"झोपू दे. दमलाय बिचारा." त्यांनी मांजराला हाकललं, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पोराच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसल्या.

"मग मी अजून किती वेळ पडू?" अण्णाप्पांनी विचारलं. असं त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं; किती झोपायचं ते तेच सांगायचे.

"उठवीन तेव्हा उठा," चंदनाबाई म्हणाल्या आणि समोर बघायला लागल्या.