नवी चाल

दिगंबरने पेटीवर टॉवेल टाकला, खाली हात घालून एक पट्टी दाबली आणि बायकोला विचारलं, "सांग, कोणता सूर?"

"पत्र्यावर चमचा आपटल्यासारखं वाटतंय," वैजयंता रडकुंडीला येऊन म्हणाली.

तापात तिचे कान गेले होते. ऑपरेशन करून बसवलेल्या यंत्रामुळे बोलणं कळू लागलं, पण गाण्याची आशा धरू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जुनी भजनं तिची बोटं सवयीनं वाजवत, कानांना मात्र त्यातलं काहीच ओळखू येत नसे. तरीही दोघं रोज टॉवेल टाकून बसत राहिली. हळूहळू त्या खणखणाटातून सा वेगळा झाला, मग पंचम.

एका सकाळी लेक डबा भरताना काहीतरी गुणगुणत होती. वैजयंताने पेटी पुढे ओढली. दोनदा चुकली, पुन्हा कान दिला आणि तीच चाल सबंध वाजवली.

लेक धावत बाहेर आली. "आई, ही तुला कशी येते? मी तर आत्ताच मनाने रचली!"

"ऐकली ना मी!" वैजयंता म्हणाली. "थांबू नकोस, पुढचं गा."