साथीची स्तुती

'शशिकलाताईंपेक्षा मागे तानपुरा घेऊन बसलेल्या कादंबरीचा सूर खरा लागला.' दत्तमंदिरातल्या मैफलीचं हे परीक्षण पनवेलच्या साप्ताहिकात छापून आलं आणि दोनच दिवसांत गुरुपौर्णिमा आली. कादंबरी दरवर्षीसारखी उपाशीपोटी, नारळ घेऊन ताईंच्या पाया पडायला गेली. ताईंनी पाय मागे घेतले.

"तो नारळ त्या इंद्रजीतच्या पायाशी ठेव. आता तोच तुझा गुरू. माझ्या मागे बसायचं नाही यापुढे."

लहानपणापासूनची तालीम अशी उंबऱ्यातच संपली. डोळे पुसत ती कळंबोलीला, परीक्षण लिहिणाऱ्या इंद्रजीतच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सर, तुमच्या एका वाक्यापायी ताईंनी मला हाकललं. आता तुम्हीच कुठेतरी शब्द टाका माझ्यासाठी. माझा सूर तुम्ही ऐकलाय."

इंद्रजीत मनापासून हसला.

"तुझा सूर? अगं, तो मला ऐकूसुद्धा आला नाही. पण त्या बाईला कितीही वाईट लिहा, ती हसण्यावारी नेते. तिला झोंबेल असं तेवढं एकच वाक्य होतं. तुझं नाव तर मी दुसऱ्या दिवशी देवळात फोन करून विचारून घेतलं."